साठ पानांचा स्वयंपाक

“यात अंडं नाही ना हो? मी खात नाही,” घास तोंडाशी नेता नेता थांबून शेंडेबाई म्हणाल्या.

भाकरीचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभ्या असलेल्या वन्सं हसल्या. “अंडं कुठलं बाई! शेवग्याची फुलं आहेत. वरून डाळीचं पीठ पेरलंय, म्हणून तसं दिसतं.”

“फुलांची भाजी होते शेवग्याच्या?”

“माघात होते. पंधरा दिवस. मग शेंगा धरायला लागतात.”

शेंडेबाईंनी घास घेतला आणि बोलणं थांबवलं. पानात बाकी होतं काय? ताकातला चाकवत, ओल्या हरभऱ्याची उसळ, लसणीचा खर्डा आणि ज्वारीची भाकरी. पाहुण्या यायच्या आहेत, काहीतरी गोड करा, असं मी सकाळी वन्संना म्हटलं होतं. “दिवसभर परीक्षा घेऊन दमलेल्या बाईला गोड नको असतं. तू बघच,” असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं. शेंडेबाईंनी तिसरी भाकरी मागून घेतली तेव्हा वन्संनी माझ्याकडे बघून हळूच भुवई उडवली.

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी एकतीस वर्षांची होते, तासगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. शेंडेबाई कोल्हापूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिका. शिवणाच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून आमच्या शाळेत आल्या होत्या, आणि घर जवळ म्हणून त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे आलं होतं. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. सोमवारी कालव्याच्या कामावर जायचे ते शनिवारी रात्री यायचे. मुलगी वृंदा तिसरीत. आणि वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, गोदावरी. हे तिला अक्का म्हणत. एकोणिसाव्या वर्षी नवरा विहिरीत पडून गेला. सासरच्यांनी तेराव्यानंतर माहेरी आणून सोडलं ते कायमचं. आईवडील असेपर्यंत त्यांचं केलं. वृंदा तीन महिन्यांची असताना एक ट्रंक घेऊन त्या आमच्याकडे आल्या, बाळंतिणीला महिनाभर मदत म्हणून. त्याला आठ वर्षं झाली होती.

त्या आठ वर्षांत मी चुलीपुढे बसले नाही. सकाळी शाळेत जाताना माझा डबा भरलेला असायचा, संध्याकाळी आल्यावर ताट वाढलेलं असायचं. आज काय करू, असं वन्संनी मला कधी विचारलं नाही. परसात काय आलंय त्यावरून त्या ठरवायच्या, आणि त्या ठरवतील तेच त्या दिवशी आपल्याला हवं होतं असं जेवताना वाटायचं. मधल्या काळात मी बी.एड. केलं. वर्गात पहिली आले. शाळेत सगळे म्हणायचे, घरसंसार सांभाळून कसं जमवलंत?

जेवण झाल्यावर शेंडेबाई हात धुवायला मागे गेल्या त्या तिथंच रमल्या. परस म्हणजे घराएवढीच जागा. आम्ही भाड्यानं आलो तेव्हा तिथं विटांचे तुकडे आणि रुई होती. आता न्हाणीचं सांडपाणी पाटानं केळीला जात होतं, केळीपुढे अळू, मग वांग्यांच्या दोन ओळी, लसूण, कांद्याची पात, मेथी. कुंपणावर पावट्याचा वेल आता पिवळा पडत होता. कोपऱ्यात शेवगा फुलांनी पांढरा झाला होता आणि त्याच्याखाली वन्संचं जुनं लुगडं अंथरलेलं होतं.

“हे कशाला?” शेंडेबाईंनी विचारलं.

“पडलेली फुलं घ्यायची. झाडावरची ओरबाडली तर शेंगा कुठून येणार?” वन्सं म्हणाल्या. “आता हा पावटा काढायचा आणि तिथं दोडका लावायचा. कारलं भिंतीकडे. आळी करून ठेवलीत, बघा. बी भिजत घातलंय.”

शेंडेबाई बराच वेळ ते बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, “गोदावरीबाई, आमच्याकडे याल?”

“कुठं?”

“वसतिगृहात. आमच्या काशीबाई थकल्या, जूनपासून येणार नाहीत. साठ मुली आहेत. हाताखाली दोन बायका मिळतील. राहायला स्वतंत्र खोली. आणि स्वयंपाकघराच्या मागे एवढी जागा पडून आहे, ह्याच्या चौपट. विहीर आहे, पाणी आहे, फक्त करणारं कोणी नाही. सगळं तुमच्या हातात देईन.”

वन्सं हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. “मला कोण नेतंय कोल्हापूरला!”

“मी नेतेय. थट्टा नाही करत. पंधरा-वीस दिवसांत पत्र घालते.”

मी शेंडेबाईंना पोचवायला एस.टी. स्टँडपर्यंत गेले. ऊन उतरलं होतं. रस्त्यानं आम्ही बोललो. गाडी सुटल्यावर मी परत आले, तर वन्सं परसातल्या दगडावर नुसत्याच बसल्या होत्या. हातात खुरपं होतं, पण काही करत नव्हत्या.

“काय गं म्हणत होत्या बाई?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. जेवण फार आवडलं म्हणाल्या.”

“आणि ते?”

“पत्र घालते म्हणाल्या ना तुमच्यापुढेच.”

“हो. म्हणाल्या खऱ्या.”

दुसऱ्या दिवसापासून वन्सं दुपारी दीड वाजता पुढच्या दारात निवडायचं सूप घेऊन बसायला लागल्या. पोस्टमन त्याच वेळेला यायचा. आधी आठ वर्षं त्या कधी पुढच्या दारात बसल्या नव्हत्या. हे मला वृंदानं सांगितलं; ती मधल्या सुट्टीत जेवायला घरी यायची.

मग प्रश्न सुरू झाले. मी वह्या तपासत असायची आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा. “प्रमिला, साठ माणसांना आमटीला डाळ किती लागेल गं? आपल्याला वाटीभर लागते चौघांना. पण ते तसं नसतं. माणसं वाढली की डाळ तेवढी वाढत नाही.” किंवा, “मुली वयात आलेल्या असतात. भाकऱ्या तीन तीन खातील. साठ त्रिक एकशे ऐंशी. दोघी थापायला बसल्या तर दीड तासाचं काम.” किंवा, “कोल्हापूरच्या विहिरींचं पाणी गोडं असतं का गं? खारं असलं तर पालेभाजी येत नाही.”

“असेल गोडं,” मी म्हणायची.

एके दिवशी मी शाळेतून आले तर जमिनीवर खडूनं चौकोन काढलेले. वन्सं आणि वृंदा दोघी ओणव्या. “आत्याचं परस आहे हे,” वृंदानं सांगितलं. “कोल्हापूरचं. इथं वांगी, इथं भेंडी, इथं कोथिंबीर, ती पायाशी हवी म्हणजे पटकन तोडता येते. आणि हा शेवगा. आत्या इथली फांदी नेणारेय लावायला.”

वन्सं ओशाळल्या. ओल्या फडक्यानं चौकोन पुसायला लागल्या. “पोरीचा खेळ,” म्हणाल्या. सेहेचाळीस वर्षांच्या होत्या त्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवायला घेतलं. शाळेतून आले की हातपाय धुवायचे आणि चुलीपुढे बसायचं. “मी गेल्यावर उपाशी मराल तिघं,” त्या म्हणायच्या. “पीठ असं नाही मळायचं, तळहाताच्या मुळानं रेट. हं. आता पाणी. अगं, भाकरीवर पाणी फिरवायला घाबरतेस काय? वर्गातल्या मुली नाही घाबरत तुला?” माझी भाकरी चिरायची. त्या ती बाजूला ठेवायच्या आणि स्वतः खायच्या. चाकवत शिजवताना ताक कधी घालायचं, पीठ पेरल्यावर झाकण किती वेळ ठेवायचं, आंबट चुक्यात गूळ आधी का नंतर, असं सगळं त्यांनी मला त्या दिवसांत सांगितलं. मी मान हलवत होते. एकदा त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, “तुला वाईट वाटतंय होय गं मी जाणार म्हणून? बोलत नाहीस ती? मी सुट्टीला येईन. दिवाळीला येईन. वृंदाला मे महिन्यात तिकडं पाठव.”

मी म्हटलं, “वन्सं, जळतंय बघा तव्यावर.”

दोडक्याच्या बिया रुजून दोन दोन पानं वर आली. कारल्यानं भिंतीला हात घातला. शेवग्याची फुलं संपली आणि काड्यांएवढ्या शेंगा लोंबायला लागल्या. पंधरा दिवस झाले, वीस झाले, महिना झाला. पत्र नव्हतं. वन्सं सूप घेऊन बसायच्याच, पण आता पोस्टमन दिसला की मान खाली घालून निवडत राहायच्या. तो पुढे गेला की मगच वर बघायच्या.

“बाई मोठ्या असतात. कामात विसरल्या असतील,” त्या एकदा म्हणाल्या. “तू एक कार्ड टाकून बघतेस का?”

“आपण होऊन लिहिणं बरं दिसत नाही, वन्सं.”

“तेही खरंच.”

होळीच्या आधीच्या शनिवारी पत्र आलं. शनिवारी वृंदाची शाळा सकाळची; ती बाराला घरी यायची. मला मात्र मॅट्रिकच्या मुलींचा जादा तास होता. मी पाचला घरी आले. वन्सं चुलीपुढे बसून मुगाची खिचडी ढवळत होत्या. वृंदा पाटावर बसून पेन्सिलीला टोक करत होती. वन्संनी कमरेचं आंतर्देशीय काढून माझ्यापुढे धरलं. कडा नीट कापलेल्या होत्या.

“कोल्हापूरचं आहे. वाच बघू.”

वन्सं दुसरीपर्यंत शिकलेल्या. छापलेलं वाचायच्या, पण हातानं लिहिलेलं, त्यात जोडून लिहिलेलं, त्यांना लागत नसे. घरातली पत्रं त्या नेहमी माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मी पत्र हातात घेतलं आणि आधी मनात वाचलं.

शेंडेबाईंचं अक्षर सुरेख होतं. त्यांनी लिहिलं होतं: ‘आपल्या दुखण्याविषयी सौ. प्रमिलाबाईंकडून कळल्यापासून मनाला चुटपुट लागली आहे. साठ मुली, मोठ्या चुली, उकळती पातेली. अशा जागी आपल्याला कधी फिट आली तर, या विचारानं धीर होत नाही. म्हणून नाइलाजानं जागा दुसऱ्या बाईंना दिली. प्रमिलाबाईंनी आपल्याजवळ हा विषय काढू नका म्हणून विनवलं होतं, तरी न राहवून लिहिते. माझ्या मावसबहिणीलाही फिट येत. मिरजेच्या एका डॉक्टरांच्या औषधानं तिला पूर्ण बरं वाटलं. पत्ता खाली देत आहे. संकोच करू नये. अजून आपलं वय काही गेलं नाही.’

हे मी सांगितलं होतं. त्या दिवशी एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर शेंडेबाईंनी सहज विचारलं होतं, “तब्येत बरी असते ना त्यांची? काम दगदगीचं आहे.” मी काही ठरवलेलं नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच: सकाळची सात वाजायची घाई, भरायचा डबा, दुपारी कुलूपबंद दारापुढे बसलेली वृंदा, शाळेत दोन वर्षांत रिकामी होणारी हेडबाईंची खुर्ची. मी म्हटलं, “तब्येत तशी चांगली आहे. पण अधूनमधून फिट येते हो त्यांना. मागच्या वर्षी चुलीपाशीच पडल्या. आम्ही कुणाला सांगत नाही.” चुलीपाशी पडल्याचं तर मी नंतर जोडलं, आधीचं नीट पटलं नसेल असं वाटून.

“काय लिहिलंय गं?” वन्संनी विचारलं. हात ढवळतच होता.

मी पत्र डोळ्यांपुढे धरलं आणि वाचल्यासारखं म्हटलं, “कळवण्यास वाईट वाटतं, की जागा वरच्या लोकांनी परस्पर भरली. माझ्या हातात काही राहिलं नाही. आपल्या हातची चव मी कधी विसरणार नाही. कळावे, लोभ असावा.”

“बरं,” वन्सं म्हणाल्या.

वृंदा टोक करायची थांबली. “आई, तू मधलं गाळलंस.”

“काय गाळलं?”

“ते फिटचं. आणि मिरजेच्या डॉक्टरांचं. मी वाचलं ना दुपारी आत्याला. दोनदा वाचलं.” मग तिनं वन्संकडे बघितलं. “आत्या, फिट म्हणजे काय, ते तू सांगते म्हणाली होतीस.”

वन्संनी खिचडीवर झाकण ठेवलं. दोन लाकडं मागे ओढली. “वृंदा, परसातून कोथिंबीर आण बघू. मुळासकट उपटू नको, वरची वरची खुड.”

“एवढ्यात तर आणली मी.”

“अजून आण.”

ती गेली. वन्संनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं अक्षर लागत नसलं की डोळे बारीक करायच्या, तसं.

“मला वाटलं, पोरीनं चुकीचं वाचलं असेल,” त्या म्हणाल्या. “लहान आहे, काहीचं काही वाचते. दुपारपासून तुझी वाट बघत होते. म्हटलं, प्रमिला आली की नीट वाचेल.”

मी पत्राची घडी घातली.

“फेफरं आलेलं माणूस बघितलंयस तू कधी?”

“नाही.”

“मी बघितलंय. मालकांना यायचं. लग्नात सांगितलं नव्हतं कुणी. तोंडाला फेस यायचा, दात खिळायचे. मी दातांत पदर घालायची, म्हणजे जीभ चावू नये. ही बोटाची खूण त्याचीच आहे. त्या दिवशी ते पाणी शेंदायला गेले होते आणि मी जवळ नव्हते. तुला हे ठाऊक होतं.”

ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी मला सांगितलं होतं.

“जगात इतकी दुखणी आहेत, प्रमिला. दमा आहे, संधिवात आहे. शोधून शोधून तुला तेच सापडलं?”

“वन्सं, मी मुद्दाम नाही... वृंदा लहान आहे. माझी शाळा... हे घरी नसतात. मी एकटी काय करणार होते? माझं चुकलं. तोंडातून निघून गेलं.”

“मग तसं म्हणायचं होतंस.” त्यांचा आवाज तेवढाच होता, आमटीत मीठ बघ म्हणताना असायचा तेवढा. “‘वन्सं, जाऊ नका, मला जमणार नाही,’ एवढं म्हणाली असतीस तर राहिले असते मी. वाईट वाटलं असतं चार दिवस. पण राहिले असते गं. तू विचारायचं होतंस.”

वृंदा ओंजळभर कोथिंबीर घेऊन आली. वन्संनी ती घेतली, धुतली, चिरली, खिचडीवर घातली. आम्ही जेवलो. रात्री हे आले तेव्हा त्यांनाही त्यांनी गरम करून वाढलं. ह्यांना त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री नाही, नंतरही कधी नाही. महिनाभर मी रोज वाट बघितली की आज सांगतील, आज सांगतील. त्यांनी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, मी रडले असते, पाय धरले असते आणि ते केव्हातरी संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठले तेव्हा वन्संची आंघोळ झाली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी, आत न येता, त्या उभ्या होत्या.

“आज भाजी काय करायची?” त्यांनी विचारलं.

मला कळेना. “म्हणजे?”

“वांगी आहेत, मेथी आहे. तुम्ही सांगाल ती करते.”

आठ वर्षांत मला त्यांनी ‘तू’शिवाय हाक मारली नव्हती. मला वाटलं, रागात आहेत, दोन दिवसांत निवळतील. मी म्हटलं, “वन्सं, असं काय हो? मला काय विचारता?”

“घर तुमचं आहे. स्वयंपाकाच्या बाईनं विचारायला हवं.” आणि त्या उभ्या राहिल्या. मी सांगेपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, “वांगी.” मान हलवून त्या आत गेल्या.

ते सोळा वर्षं चाललं. रोज सकाळी, साडेसहाला, दाराशी. भाजी काय करायची? आमटी का कढी? दोडक्याचा वेल काढू का ठेवू? भिंतीकडे यंदा काय लावायचं? वृंदाला डब्यात काय द्यायचं? माघ आला की शेवगा फुलायचा, लुगडं अंथरलं जायचं, आणि त्या विचारायच्या, “फुलांची भाजी चालेल का तुम्हाला?” मला परसातलं काही कळत नव्हतं. मी तोंडाला येईल ते सांगायची आणि त्या तसंच करायच्या. मी भर उन्हाळ्यात मेथी लावा म्हटलं तर त्यांनी मेथी लावली. ती करपली. त्यांनी करपलेली मेथी उपटली आणि विचारलं, “आता इथं काय लावू?”

स्वयंपाकात त्यांनी कधी खोट काढू दिली नाही. एका दिवसाचं मीठसुद्धा चुकलं नाही. चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मला शिकवणं मात्र त्याच दिवशी थांबलं. मी एकदा आपण होऊन पिठाला हात लावला तर म्हणाल्या, “तुम्ही कशाला तसदी घेता? मी आहे ना त्यासाठी.”

एका भाऊबिजेला, घरात कुणी नसताना, मी त्यांच्या पायाशी वाकले. त्या दोन पावलं मागे सरल्या. “अहो, हे काय? मोठ्या बाई तुम्ही. कुणी बघितलं तर?” आणि पदर सावरून चुलीकडे गेल्या.

मी पुढे हेडबाई झाले. तेव्हा एकदा ह्यांनी हसत हसत विचारलं, “अक्का, तू प्रमिलेला अहो-जाहो काय करतेस गं? धाकटी भावजय ती तुझी.”

“हेडबाई आहेत त्या,” वन्सं म्हणाल्या. “सगळं गाव अहो म्हणतं.”

हे खूश झाले. माझ्या शाळेत आले तेव्हा तिथंही ही गोष्ट त्यांनी कौतुकानं सांगितली, की आमच्या घरात शिकलेल्या सुनेचा मान कसा आहे बघा.

वृंदानं त्या शनिवारानंतर मला फिटबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. ती शिकली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, साताऱ्याला गेली. तळमजल्याची दोन खोल्यांची जागा, मागे थोडी माती. लग्नानंतर वर्षभरानं ती एकटीच तासगावला आली, दुपारच्या गाडीनं.

“आत्या माझ्याकडे येतेय,” ती मला म्हणाली.

“अगं, पण मला काही न सांगता? तुझ्या बाबांना...”

“आत्याला विचारलंय मी,” ती म्हणाली.

वन्संची ट्रंक भरलेलीच होती. आल्या होत्या तीच ट्रंक. आम्ही दोघांनी एका बाईंकडून डबा लावला. परस दोन उन्हाळ्यांत मोडलं. केळ तेवढी राहिली, तिला सांडपाणी मिळत होतं.

वन्सं वृंदाकडे नऊ वर्षं होत्या आणि तिथंच गेल्या. तिथं मी मुक्कामाला एकदाच गेले, फाल्गुनाचे दिवस होते. वृंदा कामावर होती. दार उघडंच होतं. मागून हसण्याचा आवाज आला, म्हणून मी आत न थांबता तशीच मागच्या दाराकडे गेले. चार वाफे होते. वन्सं पाटावर बसून शेजारच्या कुण्या तरुण सुनेला भाकरी शिकवत होत्या. सुनेच्या हातात भाकरी फाटली होती.

“अगं कार्टे, थापतेस का मारतेस तिला?” वन्सं खदखदून हसत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. “फाटली तर फाटू दे, ती मी खाईन. तू दुसरी घे. घाबरू नको, मी आहे.”

मग त्यांना मी दिसले. त्या उठल्या. बासष्ट-त्रेसष्टचं वय, गुडघे धरलेले, भिंतीला हात टेकून उठल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

“या. बसा,” म्हणाल्या. “उन्हातून आलात. काय करू तुमच्यासाठी?”

ती मुलगी माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी फुगली होती.

“काही नको,” मी म्हटलं. “जेवून आलेय.”

सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.